दगडातली गाठ

धाराशिव शहरातून बाहेर पडून बालाघाटाच्या डोंगराकडे निघालं, की सुमारे आठ किलोमीटरवर एक घळ लागते. त्या घळीच्या कडेला, डोंगराच्या पोटात लेणी आहेत. बाहेरगावची कवी मंडळी आमच्याकडे आली की मी त्यांना तिथं घेऊन जातो. तुळजापूरचं दर्शन झालेलं असतं, नळदुर्गचा पाणीमहाल पाहून झालेला असतो आणि परतीच्या गाडीला अजून दोन-तीन तास असतात. पाहुणे लेण्यासमोर उभे राहतात. थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग ठरलेला प्रश्न येतो, ‘‘ही लेणी नेमकी कुणाची?’’

या प्रश्नाची तीन उत्तरं मी आजवर ऐकली आहेत. पहिलं उत्तर गुरं राखणाऱ्या माणसाचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक लेण्यांबद्दल सांगतात तेच तो सांगतो, ‘‘पांडवांची. एका रात्रीत कोरली. कोंबडा आरवला आणि काम अर्धवट राहिलं.’’ दुसरं उत्तर, जैनांची. तिसरं, बौद्धांची. शेवटची दोन उत्तरं मी शांत आवाजात ऐकली आहेत आणि चढ्या आवाजातही ऐकली आहेत. आवाज चढला, की पाहुणे माझ्याकडे पाहतात. मी तिसऱ्याच धर्माचा. मी निवाडा करावा, असं त्यांना वाटत असावं.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.ए.पर्यंत शिकलो, पुढचं आयुष्य मराठी कवितेच्या नादात गेलं. पण या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला हजारेक वर्षांपूर्वीची एक गोष्ट सापडली. ही गोष्ट आपल्याच लेण्यांची आहे आणि आपल्याच जिल्ह्यात ती फार थोड्यांना ठाऊक आहे. ती सांगण्यासाठीच आजचं हे बोलणं.

आधी लेण्यांविषयी थोडं. मुख्य समूहात सात लेणी मानतात. त्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं सर्वांत मोठं. आत सुमारे ऐंशी फूट लांब आणि तेवढंच रुंद दालन आहे. खांबांच्या रांगा, बाजूंना राहण्याच्या खोल्या आणि समोर गाभारा. अजिंठ्याची वाकाटक काळातली लेणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही मांडणी ओळखीची वाटते. गाभाऱ्यात पद्मासनातली मूर्ती आहे आणि तिच्या मस्तकावर नागाचा फणा आहे. खडक आपला नेहमीचा काळा, दख्खनचा. पण सगळीकडे सारखा पक्का नाही. कुठं खपल्या निघाल्यात, कुठं खांब झिजलेत. अजिंठ्याइतकी गर्दी इथं नसते. पारव्यांचा आवाज मात्र असतो.

जेम्स बर्जेस यांनी या लेण्यांची नीट मापं घेऊन वर्णन केलं. बीदर आणि औरंगाबाद भागातल्या पुराणवस्तूंवरचा त्यांचा अहवाल १८७८ साली छापला गेला, त्यात आपली लेणी आहेत. बर्जेस यांनी ती जैन मानली. पुढच्या अभ्यासकांनी वेगळा विचार मांडला. विहाराची मांडणी पाहून ते म्हणाले, की पाचव्या शतकाच्या सुमारास ही लेणी बौद्धांनी कोरायला घेतली असावीत आणि काही शतकांनी ती जैनांकडे आली असावीत. काही अभ्यासक मात्र ती पहिल्यापासून जैनच होती, असं मानतात. वाद आजही मिटलेला नाही. आता गोष्टीकडे येतो.

अकराव्या शतकाच्या सुमारास कनकामर नावाचे एक जैन मुनी होऊन गेले. त्यांनी अपभ्रंश भाषेत एक काव्य रचलं, ‘करकंडचरिउ’. म्हणजे करकंडू राजाचं चरित्र. प्राकृतातून आजच्या भाषांकडे येतानाच्या वाटेवरची ही भाषा. म्हणून मराठी माणसाला अपभ्रंश वाचताना परक्या घरात आपलीच भांडी दिसावीत तसं होतं. हे काव्य अमरावतीला संस्कृत शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलं आणि १९३४ साली विदर्भातल्या कारंज्याच्या जैन ग्रंथमालेतून ते प्रसिद्ध झालं. काव्यातली लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, ही ओळख पटवून देणारेही तेच.

करकंडूचा जन्म स्मशानातला. चंपानगरीची गरोदर राणी पद्मावती हत्तीवर बसलेली असताना हत्ती उधळला आणि तिला दूर घेऊन गेला. दंतीपुराच्या स्मशानात तिला मुलगा झाला. मातंगाच्या घरी तो वाढला. हाताला कंड होती म्हणून नाव पडलं करकंडू. पुढं दंतीपुराचा राजा निपुत्रिक वारला. राजा निवडायला हत्ती सोडला, तो याच मुलापाशी येऊन थांबला. मोठेपणी करकंडूची चंपेच्या राजाशी लढाई जुंपली. समोर आपला बाप आहे, हे त्याला माहीत नव्हतं. आई मध्ये पडली म्हणून अनर्थ टळला आणि बापानं राज्य मुलाच्या हाती दिलं.

मग करकंडू दक्षिणेच्या स्वारीवर निघाला. चेर, चोल, पांड्य यांना जिंकायचं होतं. वाटेत त्यानं तेरापुराजवळ तळ दिला. तिथला राजा शिव त्याला भेटायला आला. या शिवराजानं सांगितलं, की जवळच्या डोंगरात पुष्कळ खांबांचं एक लेणं आहे. त्याच्याही वर डोंगरावर एक वारूळ आहे. एक हत्ती रोज तळ्यातून सोंडेत पाणी आणि कमळं घेऊन येतो आणि त्या वारुळाची पूजा करतो.

करकंडू डोंगर चढून गेला. लेण्यातल्या पार्श्वनाथाचं त्यानं दर्शन घेतलं. वर जाऊन वारूळ पाहिलं. हत्ती पूजा करतोय म्हणजे इथं काहीतरी असणार, असं म्हणून त्यानं ते खणायला लावलं. आत पार्श्वनाथाची आणखी एक मूर्ती निघाली. ती त्यानं भक्तिभावानं खाली लेण्यात आणली.

यापुढचा भाग मला गोष्टीचं काळीज वाटतो. लेण्यात आधीपासून असलेली मूर्ती राजा निरखून पाहू लागला. तिच्या सिंहासनावर त्याला दगडाची एक गाठ दिसली. सगळं काम सुबक आणि मध्येच हा उंचवटा. सगळी शोभा बिघडली, असं राजाला वाटलं. त्यानं एका म्हाताऱ्या शिल्पकाराला विचारलं. शिल्पकार म्हणाला, ‘‘महाराज, लेणं कोरताना इथं पाण्याचा झरा फुटला होता. तो थांबवण्यासाठी ही गाठ मुद्दाम ठेवली आहे.’’ हे ऐकून राजा थांबला नाही. त्याला आता झरा पाहायची हौस आली. म्हाताऱ्यानं परोपरीनं सांगून पाहिलं. राजानं ऐकलं नाही, गाठ फोडायला लावली. गाठ फुटली आणि पाण्याचा लोंढा आला. बघता बघता सगळं लेणं पाण्यानं भरलं.

राजाला मोठा पश्चात्ताप झाला. तेव्हा एक विद्याधर प्रकट झाला. त्यानं राजाचं सांत्वन केलं, पाणी आवरण्याचं वचन दिलं आणि लेण्याचा पूर्वेतिहास सांगितला. नील आणि महानील नावाचे दोन विद्याधर भाऊ होते. शत्रूनं त्यांना त्यांच्या राज्यातून हाकललं. ते फिरत फिरत तेरापुरास आले, तिथं त्यांनी हळूहळू राज्य उभं केलं आणि एका मुनीच्या उपदेशावरून हे लेणं कोरवलं. वारुळातली मूर्ती आणखी दोन विद्याधर भावांनी दूर दक्षिणेतल्या मलय देशातून उचलून आणली होती. इथं टेकवली आणि पुन्हा उचलायला गेले, तर ती जागची हलेना. हे सगळं ऐकल्यावर करकंडूनं आपल्याकडूनही तिथं नवी लेणी कोरवून घेतली.

अशा गोष्टी ऐकल्या की शिकलेला माणूस हसून सोडून देतो. मीही सोडून दिली असती. पण या गोष्टीत तीन धागे आहेत आणि तिन्ही इतिहासाला जाऊन भिडतात.

पहिला धागा तेरापूर. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर तेरणा नदीच्या काठी आपलं तेर आहे, गोरोबाकाकांचं. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात दक्षिणेतल्या दोन मोठ्या बाजारपेठा येतात, पैठण आणि तगर. तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जातं, असं तो लिहितो. हे तगर कुठलं, यावर विद्वानांनी देवगिरीपासून जुन्नर, कोल्हापूरपर्यंत सगळीकडे बोट ठेवून पाहिलं. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिलं आणि तेच आज मान्य आहे. तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तू आज तिथल्या संग्रहालयात आहेत. त्यातली हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पाँपेई शहराच्या राखेत सापडलेल्या बाहुलीची बहीण शोभावी अशी आहे. एवढ्या श्रीमंत गावाच्या आधारानं डोंगरात लेणी उभी राहिली, तर त्यात नवल नाही. लेणी खोदायला भक्ती लागते तसा पैसाही लागतो. खोदणाऱ्यांना वर्षानुवर्षं भाकरी पुरवणारं कुणीतरी जवळपास असावं लागतं.

दुसरा धागा विद्याधरांचा. कोकणात आणि कोल्हापुरात शिलाहार घराण्याच्या तीन शाखा होऊन गेल्या. ते आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवतात. म्हणजे तगर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. राज्य ठाण्यात किंवा कोल्हापुरात, आणि बिरुद तेरचं! शिवाय आपला मूळपुरुष जीमूतवाहन हा विद्याधर होता, असंही ते सांगतात. गोष्टीत काय आहे? विद्याधर कुळातले दोन भाऊ तेरापुरात येऊन राज्य करतात. कवीनं हे हवेतून घेतलेलं नाही. तेरवर एकेकाळी स्वतःला विद्याधर म्हणवणारं घराणं नांदत होतं, ही आठवण त्याच्या काळापर्यंत कुठंतरी जिवंत असणार. हिरालाल जैन यांनीही हा सांधा दाखवला आहे.

तिसरा धागा पाण्याचा. तो मला पुस्तकात सापडला नाही, घरात सापडला. माझे एक चाचा विहिरी खोदायचे. पहार, घण आणि सुरुंग यांत त्यांची उमर गेली. १९७२ च्या दुष्काळात तर त्यांना रात्रंदिवस बोलावणी असत. करकंडूची ही गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते हसतील, असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘पत्थर में गांठ रैती बाबा, और उसके पिच्छे पानी रैता.’’ मग त्यांनी मला समजावलं. आपला डोंगर अखंड एका दगडाचा नाही. थरावर थर आहेत. दोन पक्क्या थरांच्या मध्ये एखादा मऊ, भेगाळ, कुठं लाल मातीचा पट्टा असतो. पावसाचं पाणी वरून मुरत येतं आणि त्या पट्ट्यातून चालू लागतं. विहीर खोदणाऱ्याला तोच सांधा हवा असतो. घर बांधणाऱ्याला तो नको असतो.

भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात हेच लिहिलं आहे. दख्खनचं पठार लाव्ह्याच्या थरांनी बनलं आणि थरांच्या सांध्यांतून पाणी पाझरतं. लेणं कोरणाऱ्या माणसाला हे कळल्याशिवाय चालणारच नव्हतं. वरून खाली खोदत जाताना कुठं ओल आहे, कुठं हात आखडता घ्यायचा, कुठं दगड तसाच राहू द्यायचा, याचं त्याला भान होतं. गोष्टीतला म्हातारा शिल्पकार कल्पनेतला असेल. त्याचं शहाणपण मात्र खरंखुरं पाथरवटाचं आहे.

आता पाहुण्यांच्या प्रश्नाकडे परत येतो. लेणी बौद्धांची की जैनांची?

मूर्तीवरचा नागफणा पाहून जैन माणूस पार्श्वनाथाला नमस्कार करतो. ते त्याच्या परंपरेला धरून आहे. बौद्ध कथांतही मुचलिंद नावाचा नागराजा पावसात बसलेल्या बुद्धावर आपला फणा धरतो. तेव्हा बौद्ध माणूस तिथं थबकला, तर त्याचंही अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. अभ्यासकांनी आपल्या पुराव्यानिशी वाद घालावा, तो त्यांचा धर्मच आहे. मला मात्र शोध घेताना एक वेगळीच गोष्ट कळली.

ज्या करकंडूच्या नावानं ही लेणी सांगितली गेली, तो राजा एकट्या जैनांचा नाही. जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रात चार प्रत्येकबुद्धांची नावं येतात. कुणी गुरू नसताना स्वतःच जागे झालेले हे राजे. त्यांत करकंडू आहे. आणि बौद्धांच्या कुंभकार जातकातही चार प्रत्येकबुद्ध येतात. त्यांतला पहिला कलिंग देशातल्या दंतपुराचा राजा करंडू. नाव तेच, नगर तेच. जैन कथेत तो आपल्या आवडत्या धष्टपुष्ट बैलाला म्हातारपणी हाडांचा सापळा झालेला पाहतो आणि राज्य सोडतो. बौद्ध कथेत तो बागेतल्या फळांनी लगडलेल्या आंब्याचं एक फळ तोडतो. मागून आलेले लोक सगळं झाड ओरबाडून टाकतात. शेजारचा बिनफळांचा आंबा मात्र तसाच हिरवागार उभा. ते पाहून राजाला जे कळायचं ते कळतं. दोन्ही धर्मांनी एकाच राजाला आपलं मानलं आणि आपापल्या परीनं त्याची गोष्ट सांगितली. या जातकात बोधिसत्त्व कोण आहे? कुंभार! गोरोबाकाकांच्या तेरशी याचा काही संबंध नाही. पण आमच्याकडच्या माणसाला ते वाचताना बरं वाटतं, एवढं खरं.

तेरमध्येच याचा आणखी एक दाखला उभा आहे. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे आणि त्याची मागची बाजू अर्धगोल आहे. हा घाट बौद्ध चैत्यगृहाचा, असं अभ्यासक सांगतात. आज तिथं विष्णूची पूजा होते. ते वापरात राहिलं, म्हणूनच दीड हजारांहून अधिक वर्षांच्या विटा आजही उभ्या आहेत. वापर थांबला त्या वास्तूंचं काय होतं, ते आपल्या मराठवाड्यात पावलोपावली दिसतं.

आमच्या शहराचंही असंच आहे. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उस्मानाबाद आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ते पडलं होतं. २०२३ साली ते अधिकृतपणे धाराशिव झालं. धाराशिव हे जुनंच नाव. देवीनं धारासुराला मारलं म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. धारासुरमर्दिनीचं देऊळ गावात आहे. करकंडूच्या गोष्टीत पाण्याची धाराही आहे आणि शिव नावाचा राजाही आहे, हा माझा कवीचा चाळा समजा. नावं बदलली तेव्हा मला काय वाटलं, हे अनेकांनी विचारलं. खरं सांगायचं तर घरातली जुनी माणसं निजामाच्या काळातही बोलताना धाराशिवच म्हणायची. आणि आजही माझ्या तोंडून कधी उस्मानाबाद निघून जातं. खाजा शम्सोद्दीन गाजींच्या उरुसाला येणारी माणसं दोन्ही नावं घेतात आणि एकाच स्टँडवर उतरतात.

म्हणून मला त्या गाठीची गोष्ट महत्त्वाची वाटते. राजा वाईट नव्हता. तो भाविक होता, त्याला मूर्ती सुंदर दिसावी असं वाटत होतं. फक्त मधली गाठ त्याला खुपत होती. सगळं गुळगुळीत, एकसारखं, एकाच हातचं दिसलं पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. इतिहासातही अशा गाठी असतात. एकाच लेण्यात दोन धर्म, एकाच राजाच्या दोन कथा, एकाच गावाची दोन नावं. आपल्याला त्या खुपतात. छिन्नी घेऊन त्या सपाट कराव्यात, असं आपल्यातल्या कुणाला ना कुणाला वाटतं. पण त्या गाठी आधीच्या शहाण्या माणसांनी मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्या फोडल्या की काय होतं, हे हजारेक वर्षांपूर्वी एका जैन कवीनं आपल्याच डोंगराचं उदाहरण देऊन सांगून ठेवलं आहे.

मी कवी आहे म्हणून एका शब्दाबद्दल बोलून थांबतो. डोंगरात कोरलेलं ते लेणं. हा शब्द ‘लयन’वरून आला. लयन म्हणजे आसरा, विसाव्याची जागा. आणि अंगावर घालतो तो दागिना, तोही लेणं. दोन शब्दांची मुळं वेगळी, मराठीनं दोन्हींचा उच्चार एक केला. आसरा आणि अलंकार मराठीत एकाच शब्दात राहतात. कोण आधीचा, कोण नंतरचा, हे भांडण त्यांनी कधी केलेलं नाही.

आता पाहुण्यांनी ‘‘ही लेणी कुणाची’’ असं विचारलं, की मी त्यांना दालनाच्या गारव्यात बसवतो आणि आधी ही गोष्ट सांगतो. गोष्ट संपेपर्यंत डोळे अंधाराला सरावलेले असतात. मग त्यांना खांबांवरची छिन्नीची खूण दिसू लागते. तिच्याशेजारी कोळशानं आणि खिळ्यानं कोरलेली आपल्या काळातल्या पोरांची नावंही दिसतात. त्या नावांत सगळ्या धर्मांची नावं आहेत. लेणी कुणाची याचं उत्तर तिथंच मिळतं, आणि ती सांभाळायची कुणी याचंही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)